वाचकाला काय हवंय हे चुकूनही कळू नये म्हणून

ग्रंथपाल मंडळींनो आणि वाचनालयाच्या काउंटरवर बसणाऱ्या तमाम दादा-ताईंनो, हे खास तुमच्यासाठी. समोर आलेल्या माणसाला नक्की काय हवंय हे समजून घ्यायची काहींना उगाच खोड असते. ती मोडायच्या या युक्त्या. मागच्याच आठवड्यात माझ्यावर वापरून झाल्यात, त्यामुळे रिझल्टची गॅरंटी.

सगळ्यात आधी, मोबाइलमधून मान वर काढायची नाही.

मग "पुस्तकाचं नाव सांगा." नाव माहीत नसेल तर "लेखक?" तोही माहीत नसेल तर "मग कम्प्युटरमध्ये कसं सापडणार?" संपला विषय. नाव, लेखक सगळं पाठ असलेल्या माणसाला तुमची गरजच काय, असले फाटे फोडायचे नाहीत.

प्रश्न विचारायचाच झाला तर हो-नाहीत उत्तर येईल असा. "कादंबरी का?" "स्पर्धा परीक्षा का?" मोकळं काही विचारलंत की माणूस बोलायला लागतो, बोलायला लागला की कळतं मागितलं एक आणि हवंय भलतंच, आणि मग खुर्चीतून उठावं लागतं.

आता माझंच घ्या. मी विचारलं, साताऱ्यावर काही आहे का. कुणीही असंच मोघम विचारतो हो, पहिल्याच वाक्यात सगळी कुंडली कोण मांडतं? मॅडम म्हणाल्या, "इतिहास. तिकडे, ९५४." ९५४ म्हणजे भारताच्या इतिहासाच्या पुस्तकांचा वर्गीकरण क्रमांक, हे मला स्वप्नात येणार होतं बहुतेक. तरी शोधलं, शिवकाळ, पेशवाई, शिवाय एक कव्हर फाटलेलं किल्ल्यांचं गाइड. परत आले, "नाही मिळालं." "मग नसेल." झालं! मला हवं होतं काय, तर आजोळच्या गावी पूर्वी बैलांचा बाजार भरायचा म्हणतात, त्याची जुनी नोंद कुठे आहे का. अगदी ओठांवर होतं, पण विचारतंय कोण? शेवटी पेपर वाचत बसलेल्या एका काकांनीच विचारलं, "गावाचं बघताय की किल्ल्याचं? साधारण कुठल्या काळातलं?" एवढंच, आणि लगेच म्हणाले, मग मुंबई इलाख्याचं गॅझेटियर, म्हणजे इंग्रजांच्या काळातले जिल्हावार माहितीचे सरकारी ग्रंथ बघा, साताऱ्याचा खंड १९ वा, १८८५ सालचा, त्यात बाजार, जत्रा, गावांची माहिती सगळं असतं. आणि तो खंड होता कुठे माहितीये? मॅडमच्या खुर्चीची पाठ ज्या काचेच्या कपाटाला टेकलेली, त्याच कपाटात! धुळीतून सोनेरी अक्षरं दिसत होती, वर 'संदर्भ विभाग' अशी पाटी, खाली कुलूप. "किल्ली सरांकडे असते, सर मंगळवारी येतात."

बरं, पुढची युक्ती. विषय नाजूक असेल तर आवाज चढवायचा. माझ्या पुढे एक मुलगी होती, तिने हळूच काहीतरी विचारलं, तर इकडून थेट माळ्यापर्यंत आरोळी, "अरे, घटस्फोटाच्या कायद्याचं काही आहे का रे?" अख्खी अभ्यासिका वळून बघायला लागली. ती निघूनच गेली. एक वाचक कमी, पुस्तकं तेवढीच नवी राहतात.

आणि "हवं ते मिळालं का?" हे कधी म्हणजे कधीच विचारायचं नाही. नाही म्हणाला तर?

लाज वाटायला पाहिजे खरं तर. १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाला, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घालता, पेढे वाटता, त्यांचे १९३१ चे पाच सिद्धांत भिंतीवर फ्रेम करून लावता, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असा आहे, फ्रेम पुसताना तरी वाचा! पगार तुटपुंजा, अनुदान रखडलेलं, माणसं अपुरी, सगळं मान्य, त्यासाठी निवेदन काढा, पहिली सही माझी. पण "कशाबद्दल बघताय, थोडं सांगता का?" एवढं विचारायला कुठलं अनुदान लागतं? सांगायचं नसेल तर नाही सांगणार तो, खोदून नका विचारू, पण ज्याला सांगायचंय त्याला एक वाक्य पुरं करू द्या. पेपर वाचणाऱ्या काकांना जे जमतं ते डिग्री घेऊन बसलेल्या तुम्हाला का जमू नये? आणि सर मंगळवारी येतात तर किल्ली सोमवारी कुणाच्या खिशात फिरते?

पुढच्या आठवड्यात डिपॉझिट परत मागायला येतेय. तेव्हा तरी "का हो, काय झालं?" विचारा. नाही म्हणा, "पावती आणलीय का?" एवढंच विचाराल.