लागलं तर असू दे

तीन दिवसांसाठी कोल्हापूरला निघालेल्या माणसाच्या बॅगेत तीन जीन्स, जाड स्वेटर आणि कुणाच्या तरी लग्नात शिवलेला झब्बा असतो. जीन्स त्याने स्वतः भरलेल्या असतात. बाकीचं 'लागलं तर असू दे' या चार शब्दांनी आत घातलेलं असतं. बॅगेची चेन तुटते ती याच चार शब्दांमुळे.

माझं म्हणणं असं की कोल्हापूरसाठी कपडे ऋतू बघून काढूच नयेत. मे महिन्यात दुपारी घामाने भिजलेला माणूस संध्याकाळी वळवाने भिजतो आणि रात्री पंखा बारीक करतो. म्हणून प्रत्येक कपड्याला दोनच प्रश्न विचारावेत. धुतला तर सकाळपर्यंत वाळशील का? आणि तांबडा रस्सा उडाला तर दिसेल का?

पहिल्या प्रश्नाला जीन्स जागच्या जागी नापास होते. जुलैत ती दोन दिवस दांडीवर लोंबकळते, कमरपट्टा आणि खिसे तरीही ओलेच, आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास मारते. त्यापेक्षा सिंथेटिक मिसळलेल्या पातळ कापडाच्या दोन पँटी घ्याव्यात. पिळून झाल्यावर कोरड्या टॉवेलात गुंडाळून त्यावर उभं राहावं, मग पंख्याखाली उलट्या टांगाव्यात. सकाळी तयार. टॉवेल पातळ पंचाच हवा. जाड टर्किश टॉवेल पावसाळ्यात स्वतःच वाळत नाही, तो दुसऱ्याला काय वाळवणार?

दुसरा प्रश्न जास्त गंभीर. भाकरी कुस्करून खाणाऱ्याचं फारसं काही बिघडत नाही. धोका मटणातल्या नळीच्या हाडाचा. ती ताटावर आपटून तोंडाने ओढताना एक थेंब उडतोच, आणि तो बरोबर दुसऱ्या गुंडीपाशी बसतो. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. त्यामुळे ओल्या रुमालाने घासणारा माणूस ठिपक्याचा नकाशा करतो. घासू नये, कोरड्या कागदाने टिपावं, वर टाल्कम पावडर किंवा कोरडं पीठ दाबून पंधरा-वीस मिनिटं ठेवावं, झटकावं आणि मग भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. साबण लागताच हळदीचा डाग लालभडक होतो, तेव्हा घाबरू नये. उरलेला पिवळेपणा ऊन खातं. आता जुलैत ऊन कुठून आणायचं हे मला विचारू नका. म्हणून चार शर्टांपैकी दोन मरून किंवा गडद तपकिरी असावेत. पांढरा शर्ट पांढऱ्या रश्श्यापुरता ठीक, पण तांबड्याशिवाय नुसता पांढरा कोण घेतो?

चैत्र पौर्णिमेला जोतिबाला जाणार असाल तर हा सगळा हिशेब उलटा. तिथे गुलाल लागणारच, तेव्हा जुनेच कपडे न्यावेत. परतल्यावर आधी कोरडेच झटकावेत, पाणी नंतर. आणि धुताना वेगळ्या बादलीत, नाहीतर बनियनही भाविक दिसतात.

पायाचं बघू. अंबाबाईच्या देवळात चपला बाहेर काढाव्या लागतात, त्यामुळे लेसचे बूट म्हणजे प्रत्येक दर्शनाला दोन वेळा वाकणं. एप्रिलमध्ये फरशी तापते तेव्हा पातळ सुती मोजे कामाला येतात. पावसात तेच मोजे पोतेऱ्यासारखे पाणी पितात. कोल्हापुरी चप्पल पावसाळ्यात नेऊच नये. तिचं चामडं भिजलं की फुगतं, आणि घाईने उन्हात ठेवलं की कडक होऊन तडकतं. भिजलीच तर सावलीत वाळवून तेलाचा हात द्यावा.

थंडीचं म्हणाल तर शहरात एक पातळ विंडचीटर पुरतो. पन्हाळ्याला जाणार असाल, साधारण वीस किलोमीटर, तर पावसाळ्यात वर धुकं आणि वारा असतो. तोच विंडचीटर तिथेही चालतो. छत्री मात्र तिथे उलटी होते, तेव्हा टोपीचा रेनकोट घ्यावा.

भरताना जड कपडे तळाला, शर्ट गुंडाळून वर, आणि ओल्या कपड्यांसाठी रिकामी प्लास्टिक पिशवी. बॅगेचा एक चतुर्थांश भाग मोकळा ठेवावा, कारण परत येताना चप्पल, गूळ आणि कांदा-लसूण चटणी येणारच. चटणीला तेल सुटतं. बरणीच्या झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावून ती जाड कापडात घट्ट गुंडाळावी लागते, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच त्या स्वेटरची घडी मोडते.