‘तक्रार करून उपयोग नाही’ म्हणणाऱ्या मेसेजनं मावशीचे १४,००० घालवले

‘ऑनलाइन फसवणूक टाळायचे पाच उपाय’ हा मेसेज तासगावला मावशीच्या भिशीच्या ग्रुपवर महिनाभर फिरतोय. त्यातला शेवटचा उपाय: ‘पैसे गेले तर तक्रार करू नका. बँक रुपया देत नाही, उलट तुमचंच खातं बंद करते.’

मावशीनं ऑनलाइन साडी मागवली होती. ‘रिफंडसाठी’ म्हणून आलेली फाइल तिनं फोनमध्ये घेतली आणि सोमवारी ९,००० गेले. मेसेज आठवून ती गप्प बसली. बुधवारी आणखी १४,००० गेले, तेव्हा कुठं मला फोन आला.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक काय सांगतं? चूक ना तुमची, ना बँकेची, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुम्हाला तोटा शून्य. चूक तुमची असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. सहकारी बँकांसाठी असंच परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ ला निघालं, म्हणजे आपल्या गावची अर्बन बँकही यातून सुटत नाही. मावशीनं सोमवारीच कळवलं असतं तर बुधवारच्या १४,००० चा भार तिच्यावर आला नसता. आणि खातं बंद करतात म्हणून कसली भीती घालता? त्या वेळी खात्यातले व्यवहार तात्पुरते थांबवणं, तेच तर हवं असतं! १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे भामट्याच्या खात्यातून पुढं सरकण्याआधी अडवता येतात. दोन दिवसांनी काय अडवणार?

त्याच मेसेजमधलं ‘ओटीपी सांगितला नाही की पैसे सुरक्षित’ हेही खोटं. मावशीनं कुणालाच सांगितला नव्हता. असल्या फाइलमधलं अ‍ॅप फोनवर येणारे मेसेज परस्पर वाचतं.

वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह म्हणजे खरं दुकान, हेही नाही. मधल्या वाटेत कुणी माहिती वाचू शकत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडं भामटा असला तरी कुलूप दिसू शकतं.

पिन चोरीला जाऊ नये म्हणून एटीएमवर दोनदा कॅन्सल दाबायचा उपाय जुनी अफवा आहे, केंद्र सरकारच्या पीआयबी या माहिती कार्यालयानं ती कधीच खोडलीय.

पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, हे मात्र मेसेजवाल्यांनी बरोबर लिहिलंय. तेवढंच लिहून थांबायचं होतं.

मावशीची तक्रार आता नोंदवलीय. तक्रार क्रमांक, तारीख आणि वेळ मी तिच्या पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून दिलीय.