गिन्नीला चिंच लावू नका

"घरातलं जुनं सोन्याचं नाणं रिझर्व्ह बँक २५ लाखांना घेते, फक्त नोंदणी करा." हा मेसेज फिरत फिरत भवानी पेठेतल्या माझ्या आत्यापर्यंत पोचला. तिच्याकडे सासूबाईंची १९१८ ची गिन्नी आहे. मी गेलो तेव्हा ती नोंदणीचे २,१०० रुपये मोबाईलवरून भरून घ्यायला शेजारच्या पोराची वाट बघत बसली होती. मेसेज पुढं ढकलणाऱ्यांनो, जरा वाचा.

रिझर्व्ह बँक असली नाणी विकत घेत नाही. ४ ऑगस्ट २०२१ च्या पत्रकात बँकेनंच सांगितलंय की या व्यवहारात आम्ही नाही, शुल्क किंवा कमिशन कधीच मागत नाही, ते घ्यायचा अधिकारही कुणाला दिलेला नाही. बँकेचं नाव आणि चिन्ह लावून लोकांना लुबाडतात म्हणून तर ते पत्रक काढावं लागलं. अहो, घेणारा पैसे देतो, मागतो कशाला? आज नोंदणी, उद्या जीएसटी, परवा "रक्कम अडकलीय, सोडवायला एवढे भरा". पेन्शनवर जगणाऱ्या बाईला असं लुटणं ही सरळ चोरी आहे. कुणी भरले असतील तर आत्ताच्या आत्ता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला फोन करा.

"जितकं जुनं तितकं महाग" हेही खोटं. नाणी किती उरलीत आणि कशी उरलीत, त्यावर भाव ठरतो. आत्याच्या गिन्नीवर सालाच्या वर बारीक 'आय' अक्षर आहे, म्हणजे ती मुंबई टाकसाळीची. तशा जवळपास १३ लाख पाडल्या होत्या. २२ कॅरेटचं ७.९८ ग्रॅम सोनं, त्याचा जो भाव तो. त्यात माळेत ओवायला सोनारानं कडी झाळलेली, मग संग्राहक वर काय देणार?

त्याच मेसेजमधलं "फोटोआधी नाणं चिंचेनं घासा" वाचून तर जीव कळवळला. सोन्याला गंज चढत नाही. घासून फक्त ओरखडे उठतात, आणि जाणकाराला ते पहिल्या नजरेत दिसतात. चांगलं नाणंही असं हातानं बाद होतं.

एक मात्र मान्य करावं लागेल, काही नाण्यांना सोन्याच्या कितीतरी पट किंमत येते. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असलेला शिवरायांचा होन जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा, पण फार दुर्मीळ. म्हणूनच त्याच्या नकलाही होतात. असलं नाणं हातात घेऊन, तोलून पारखावं लागतं, फोटोवर नाही.

शेतात सापडलेलं नाणं "गुपचूप पाठवा" म्हणे! जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचा कायदा १८७८ पासून आहे.

आत्यानं पैसे भरले नाहीत. तो नंबर मी ब्लॉक केला, आणि गिन्नी तिनं मऊ फडक्यात गुंडाळून पुन्हा डब्यात ठेवली.