पानांच्या चहात दम नसतो म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

मागच्या आठवड्यापासून एक मेसेज आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरायलाय, गल्लीच्या, शाळेच्या, पाहुण्यांच्या, आणि मामांनी तर तो मला वेगळा पाठवला, खाली लिहून की "बघ गं पोरी, उगाच पैसे घालवायलीस." मेसेजात म्हटलंय की पानांचा सुट्टा चहा म्हणजे निव्वळ लूट, त्यात दम नसतो म्हणून रंग येत नाही, चहा पाच मिनिटं खळखळ उकळल्याशिवाय अर्क उतरतच नाही, ग्रीन टी मुळातच कडू, पहिलं पाणी अर्ध्या मिनिटात ओतून टाकलं की कॅफिन सगळं जातं, थंड पाण्यात रंग सुटला की चहा भेसळीचा समजायचा, आणि वर या सगळ्याला हजारोंची भांडी लागतात. मी सात-आठ वर्षं पानांचा चहा करून पितेय, बेळगावच्या शहापुरात माझ्या हातचा चहा प्यायलेली माणसं पण बरीच आहेत, आणि हा मेसेज वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण चांगली वस्तू न बघताच लोक ती बाजूला ठेवायलेत. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी रंगाचं. काळा, हिरवा, पांढरा, ऊलाँग (हिरव्या-काळ्याच्या मधला), सगळा चहा एकाच झाडाचा, कॅमेलिया सायनेन्सिस, फरक पडतो तो पान तोडल्यावर त्याचं काय केलं त्यानं. आपल्या डब्यातला दाणेदार चहा हा सीटीसी, म्हणजे दातेरी रोलरमधनं पान चिरडून फाडून त्याची बारीक गोळी वळलेली, ही पद्धत १९३० च्या दशकात आसामात निघाली आणि आज आपल्या देशातला बहुतेक चहा असाच होतो. दाणा बारीक म्हणून तो सगळीकडनं पाण्याला भिडतो आणि मिनिटभरात पाणी लालभडक. पानांचा, म्हणजे ऑर्थोडॉक्स चहा, हा सुकवून, वळून, ऑक्सिडाइझ होऊ देऊन, म्हणजे हवेनं काळपट पडू देऊन, मग वाळवतात, पान बऱ्यापैकी अख्खं राहतं, त्यामुळं ते सावकाश सोडतं. रंग म्हणजे दम असं धरलं तर दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश, फेब्रुवारी अखेर ते एप्रिलपर्यंतची पहिली तोडणी, नापासच होईल, कारण तो उतरतोच फिकट सोनेरी, आणि वास मात्र ओल्या फुलासारखा. मे-जूनची तोडणी गडद, तिला पिकल्या द्राक्षाचा वास येतो, त्याला मस्कटेल म्हणतात.

एकदा नुसतं बघा. पांढऱ्या वाटीत अर्धा चमचा पान टाका, गरम पाणी ओता आणि वर वाकून बसा. सुरुवातीला काळपट काडीसारखं वळलेलं पडून असतं, मग एक टोक सुटतं, मग हळूहळू अख्खं पान पसरतं, कडेचे दाते दिसायला लागतात, आणि चांगला माल असेल तर एका देठाला दोन पानं आणि मधला कोंब तसाच्या तसा बाहेर येतो. आमच्या आत्तीनं हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती ते पान बोटावर घेऊन खिडकीपाशी गेली, म्हणाली, "अगं हे झाडावरचंच की." चाळीस वर्षं रोज चार वेळा चहा केलेल्या बाईनं चहाचं पान तोवर बघितलं नव्हतं.

आता उकळायचं. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण पानांचा चहा आवडला नाही म्हणणारे दहातले नऊ जण तो पातेल्यात आलं घालून उकळलेले असतात. चहाचा माल पारखणारे लोक कसा करतात बघा, त्यासाठी आयएसओ ३१०३ नावाचं स्टँडर्डच आहे: १०० मिलि पाण्याला २ ग्रॅम चहा, झाकणाच्या पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यात उकळीचं पाणी वरनं ओतायचं, ६ मिनिटं झाकून ठेवायचं, गाळायचं. पान आचेवर कुठंच नाही. आणि ती ६ मिनिटं पण मुद्दाम जास्त, मालातला दोष वर यावा म्हणून, आपल्याला पिण्यासाठी काळ्या चहाला ३ ते ४ बस्स. आचेवर ठेवलं की सुगंध वाफेबरोबर स्वयंपाकघरभर जातो आणि पातेल्यात उरतो तो तुरटपणा.

मग दाणेदार चहा उकळायचा का? उकळायचाच की! दूध घातलं की दुधातलं केसीन नावाचं प्रथिन चहाचा तुरटपणा धरून ठेवतं, म्हणून दुधाच्या चहाला कडक अर्क लागतो आणि तो सीटीसीच देतो. सकाळचा आल्याचा चहा माझ्या घरी पण तोच असतो, हॉटेलात मैत्रिणीबरोबर बाय-टू, म्हणजे एक चहा दोघींत, मागवते तो पण तोच. दोन्ही चांगले आहेत, एकाची रीत दुसऱ्याला लावली की बिघडतं, एवढंच माझं म्हणणं.

ग्रीन टी कडू, हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही, तो आपल्याकडं कडूच प्यायला मिळतो. हिरव्या चहात कॅटेचिन, म्हणजे कडू-तुरट चव देणारी द्रव्यं, भरपूर असतात, पाणी जितकं कडकडीत तितकी ती जास्त उतरतात, आणि गोडसर चव देणारं थिॲनिन मात्र ७०-७५ डिग्रीच्या पाण्यात पण छान उतरतं. म्हणून हिरव्याला ७० ते ८० डिग्री, दोन मिनिटं. थर्मामीटर नको. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासनं साधारण साडेसातशे मीटरवर, त्यामुळं इथं पाणी शंभरला नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं (दार्जिलिंगला तर ९३ लाच), आणि एका भांड्यातनं दुसऱ्या गार भांड्यात ओतलं की आठ-दहा डिग्री उतरतं. तेव्हा उकळलेलं पाणी तांब्यात, तांब्यातनं कपात, मग त्यात पान. दोन ओतण्यात काम झालं.

मेसेजात पाण्याच्या जातीबद्दल एक अक्षर नाही, आणि आपल्या भागात खरा घोळ तिथंच आहे. आमच्याकडं नळाला राकसकोप धरणाचं पाणी येतं, हलकं. चिकोडी तालुक्यात बहिणीच्या घरी बोअरचं, काळ्या रानातलं, जड. तोच डबा, तेच माप, तीच वेळ, मी दोन्हीकडं केलाय. तिच्याकडं कपावर दोन मिनिटांत तेलकट दिसणारी साय धरली, चमच्यानं ढवळली तर तिचे तुकडे होऊन कपाच्या कडेला काळे लागले, आणि चहा मातकट, सपाट. ते तेल नव्हतं आणि भेसळ पण नव्हती, पाण्यातला चुना आणि चहातली पॉलिफेनॉलं (तुरट द्रव्यं) मिळून ती साय धरते. तिची सासू म्हणाली, "तुझ्या चहात कायतरी मिसळलंय बघ." दुसऱ्या दिवशी फिल्टरच्या पाण्यात केला, तर त्याच म्हणाल्या, "हा कालचाच होय?" कितीतरी लोकांनी पानांचा चहा एकदा पिऊन सोडला असेल तो पाण्यापायी, असं मला फार वाटतं.

कॅफिनचं थोडक्यात. अर्ध्या मिनिटात कॅफिनचा थोडाच भाग उतरतो, बाकीचं पानातच राहतं आणि पुढच्या कपात येतं. डॉक्टरांनी कॅफिन टाळायला सांगितलेल्या कुणी कृपा करून या युक्तीवर विसंबू नका. पांढऱ्या चहात कॅफिन नसतं असंही लोक सांगतात, तेही खरं नाही, कोवळ्या कोंबात ते चांगलंच असतं. कॅफिन नकोच असेल तर परसातला गवती चहा आहे, तो चहाच्या झाडाचा नाहीच.

भांड्यांचं आता. चीनमध्ये गायवान म्हणून झाकणाचा कप असतो, यीशिंगच्या मातीच्या किटल्या असतात, जपानात बाजूला दांडा असलेली क्यूसू असते, सुंदर वस्तू आहेत, हौस असेल तर जरूर घ्या. पण लागतं काय? झाकण ठेवता येईल असा कप, बारीक जाळीची गाळणी आणि घड्याळ. मी पहिल्यांदा ऑनलाइन त्या साखळीच्या जाळीच्या गोळ्या मागवल्या होत्या, अडीचशे रुपये गेले, कारण त्यात पान टाकलं की ते फुगून गच्च बसतं, आतल्या पानाला पाणीच लागत नाही, आणि मग फिका म्हणून आपण अजून पान कोंबतो. त्यापेक्षा कपात बसणारी खोल, रुंद जाळी घ्या, पान मोकळं उघडलं पाहिजे. एक छोटा डिजिटल काटा मात्र मी घ्या म्हणेन, कारण फर्स्ट फ्लशचं पान फुगीर, एक चमचा भरला तरी दीड-दोन ग्रॅम, आणि घट्ट वळलेल्या ऊलाँगचा तोच चमचा पाच ग्रॅमला जातो. आणि डबा हवाबंद पाहिजे, कांदा-लसूण मसाल्याच्या फळीपासून लांब. चहा वास ओढून घेतो, माझा शंभर ग्रॅम माल असाच गेलाय.

खानापूरकडची मातीची भांडी चालतात का, असं दोघी-तिघींनी विचारलं. न चकाकवलेल्या मातीत दुधाचा चहा झकास लागतो, नाजूक पानांना मात्र मातीचा वास चढतो, त्याला काच नाहीतर चिनी मातीच बरी.

लूट म्हणाल तर हिशोब करा. मी नीलगिरीच्या डोंगरातला ऑर्थोडॉक्स चहा तीनशे रुपयांना शंभर ग्रॅम घेतला, दीडशे मिलिच्या कपाला ३ ग्रॅम, म्हणजे ३३ कप, कपाला नऊ रुपये. त्याच पानावर दुसऱ्यांदा पाणी ओतते, मिनिटभर जास्त ठेवते, तो पण चांगला लागतो, म्हणजे साडेचार. दूध नाही, साखर नाही, गॅस एका उकळीपुरता. आमच्या कोपऱ्यावरच्या चहापेक्षा हे स्वस्त पडतं. महागडा दार्जिलिंग घेतला तर जास्त पडणार, ते कबूल, पण सुरुवात तिथनं कुणी करू नये.

राहिली भेसळीची चाचणी, आणि तिथं मेसेज अर्धाच बरोबर आहे. थंड पाण्यात टाकल्या टाकल्या रंगाची धार सुटली तर शंका घ्यावीच. पण शुद्ध चहा पण थंड पाण्यात रंग सोडतो, हळूहळू, तासाभरात दिसेल इतका. उन्हाळ्यात मी रात्री लिटरभर पाण्यात १० ग्रॅम पान टाकून फ्रिजमध्ये ठेवते, सकाळी सोनेरी, जराही कडू नाही. मेसेजच्या हिशोबानं तो भेसळीचा ठरला असता. एफएसएसएआयनं, म्हणजे आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा संस्थेनं, घरच्यासाठी सांगितलेली चाचणी फिल्टर पेपरची: कागदावर थोडा चहा पसरा, पाणी शिंपडून ओला करा, चहा काढून कागद पाण्यानं धुवा आणि उजेडासमोर धरून डाग बघा. रंग लावलेला असेल तर कागदावर लगेच उठून दिसतो.

मामांना मी हे सगळं फोनवर सांगितलं नाही. रविवारी त्यांच्याकडं निपाणीला जाणार आहे, नीलगिरीचं पान, जाळी आणि काटा घेऊन. त्यांच्याकडं पण बोअरचंच पाणी, म्हणून दोन लिटरचा कॅन राकसकोपच्या पाण्यानं भरून ठेवलाय.