बाळंतिणीला पाणी द्या

आज दुपारी अकोल्यात एका नातेवाइकांकडे बाळ पाहायला गेले आणि मनस्ताप घेऊन परतले. बाहेर वैशाखाचे ऊन, आणि आतल्या खोलीत खिडक्या लावून, कानांना रुमाल बांधून, पायांत मोजे घालून ती मुलगी बाजेवर बसलेली होती. बाजेखाली नुकताच शेक देऊन झाला होता. शेगडीत निखारे होते आणि ओव्याच्या धुरीने डोळे चुरचुरत होते. तिचे ओठ फुटलेले पाहून मी माठातल्या पाण्याचा पेला तिच्यापुढे केला, तर तिने आधी सासूबाईंकडे पाहिले. "थंड आहे ते, बाळाला सर्दी होईल," असे म्हणून त्यांनी पेला माझ्या हातातून काढून घेतला. बाहेरच्या खोलीत मात्र कूलर चालू होता आणि घरातली पुरुष मंडळी कैरीचे पन्हे पीत बसली होती.

माझे पहिले बाळंतपण माहेरी, असेच ऐन उन्हाळ्यात झाले. तेव्हाही बाजेखाली शेगडी आली होती, आणि ती उचलायला लावली ती कोणा डॉक्टरांनी नव्हे, तर खेड्याहून आलेल्या माझ्या आजीने. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आईला म्हणाली, "पोरगी आंधीच तापली हाये, तिले अजून कायले शेकता?" शेगडी अंगणात गेली, खिडकी उघडली गेली, आणि दुपारच्या जेवणात ज्वारीच्या भाकरीबरोबर जिरे घातलेले पातळ ताक आले. सकाळचा अळिवाचा लाडू मात्र तिने बंद केला नाही. गावातल्या कितीतरी बाळंतिणींची न्हाणी-धुणी केलेली ती बाई उष्ण काय आणि थंड काय हे पुरते जाणून होती, पण ते ठरवताना ती आधी ऋतू पाहत असे आणि समोरच्या बाईचे अंग पाहत असे.

म्हणूनच उष्ण-थंड हे सगळे थोतांड आहे, असे घरातली तरुण मुले म्हणतात तेव्हाही मला वाईट वाटते. मिरची जिभेवर ठेवली की आग होते, कारण साधारण 43 अंशांच्या पुढची उष्णता ज्या ग्राहींना, म्हणजे मज्जातंतूंवरच्या संवेदना टिपणाऱ्या रेणूंना, जाणवते त्याच ग्राहींना मिरचीतले द्रव्य जागे करते. या शोधासाठी अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांना 2021 मध्ये नोबेल मिळाले. पुदिन्यातला मेंथॉल तसाच थंडीच्या ग्राहींना चेतवतो. म्हणजे पदार्थ शरीराला गरम किंवा गार भासतो, हे आपल्या आज्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. अळिवात लोह असते, डिंकाच्या आणि मेथीच्या लाडवांनी झिजलेल्या शरीराला बळ मिळते, आणि गरम पाण्याच्या शेकाने कंबरेला आराम पडतो, हेही मान्य आहे.

पण पाणी? तहानलेल्या बाईचे पाणी तोडण्याला कोणती परंपरा म्हणायचे?

प्रसूतीनंतर पहिल्या काही दिवसांत गरोदरपणात साठलेले जास्तीचे पाणी घामावाटे आणि लघवीवाटे बाहेर पडते. रात्री कपडे भिजतात ते त्यामुळेच. त्यातच दूध सुरू होते. आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणी असते आणि अंगावर पिणारे बाळ पुढे दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध ओढते. हे पाणी येणार कुठून? पारा 44-45 अंशांवर असताना शरीराजवळ स्वतःला थंड ठेवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम येणे आणि तो सुकणे. आपण खिडक्या लावून, अंगभर कपडे चढवून घाम सुकू देत नाही, खालून निखारे ठेवतो आणि वरून पाणी मोजून देतो. पाणी कमी, फळे बंद, त्यात बद्धकोष्ठ, त्यात टाके. त्या मुलीला शौचाला जायचीसुद्धा भीती वाटत असेल, आणि हे ती कोणाला सांगणार?

आईने ताक प्यायले म्हणून दूध थंड होत नाही. माठातले पाणी पोटात गेल्यावर थोड्याच वेळात शरीराइतकेच उबदार होते आणि दूध तर शरीराच्याच उबेचे असते. बाळाला सर्दी होते ती विषाणूमुळे, आणि तो पाहुण्यांच्या हातांवरून व श्वासातून येतो. आज त्या घरात बाळाला हातात घेणाऱ्या कोणालाही आधी हात धुवायला सांगितले गेले नाही. लिंबू आंबट म्हणून बंद आहे; वास्तविक लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळेच त्या अळिवातले लोह अंगी लागायला मदत होते. आजीच्या ताटात लिंबाची फोड असे.

ज्यांना आयुर्वेदाचा आधार हवा आहे त्यांनी चरकसंहितेतला स्वेदाध्याय पाहावा. तेरा प्रकारचे स्वेद, म्हणजे घाम आणणारे शेक, सांगणारा तोच ग्रंथ कोणाला स्वेद देऊ नये याचीही यादी देतो, आणि तीत थकलेला, तहानलेला, भुकेला, शोकात असलेला माणूस स्पष्टपणे येतो. सूतिकेला, म्हणजे बाळंतिणीला, उबेत ठेवावे हा विचार जुन्या ग्रंथांत आहे, हे खरे. पण तहानलेल्याला शेकू नये, हेही त्याच परंपरेने लिहून ठेवले आहे, आणि माझ्या अक्षरओळख नसलेल्या आजीला ते न वाचता कळले होते.

निखाऱ्यांविषयी तर मी कोणाचेही ऐकून घेणार नाही. बंद खोलीत कोळसा जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेली आई व तान्हे बाळ दोघांनाही तो कायमचे झोपवू शकतो. वाफाऱ्याचे पातेलेही आज बाजेच्या कडेला, बाळाच्या दुपट्यापासून हातभर अंतरावर ठेवलेले होते. एक ग्रॅम वाफ त्वचेवर निवताना सुमारे 540 कॅलरी उष्णता सोडते, म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा खोल जातो. नाक चोंदले असेल तर वाफेने बरे वाटते, नाही असे नाही. पण ते पातेले जमिनीवर, बाळापासून दूर ठेवता येते.

आता लिहिता लिहिता राग थोडा निवला आहे. त्या सासूबाई दुष्ट नाहीत. त्यांची स्वतःची बाळंतपणे कुडाच्या, ओल धरलेल्या घरात, भर पावसाळ्यात झाली, हे मला ठाऊक आहे; तिथे ऊब म्हणजे जीव होता, आणि तीच ऊब त्या सुनेला मायेने देत आहेत. म्हणून निघताना मी वाद घातला नाही. त्यांना बाजूला घेऊन आजीची गोष्ट सांगितली आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवून पाहा, एवढेच म्हटले. त्यांनी हात ठेवला आणि "अंग तर चांगलेच कढत आहे हो, उष्णता बाहेर पडत असेल," असे म्हणाल्या.

तेव्हा मात्र मी थर्मामीटर मागवून घेतला, आणि पारा 38 अंश सेल्सिअसच्या वर गेलेला पाहून तिच्या नवऱ्याला पन्ह्यावरून उठवले. बाळंतिणीचा ताप ही बाहेर पडणारी उष्णता नसते. तो गर्भाशयाचा, टाक्यांचा किंवा स्तनांचा जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्याला त्याच दिवशी दवाखाना लागतो. संध्याकाळी तिला दाखवून आणले, औषध सुरू झाले आहे. ज्यांच्या घरी या उन्हाळ्यात बाळंतीण आहे त्यांनी आज रात्रीच तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवावा आणि कूलर तिच्या खोलीत न्यावा. थेट झोत बाळावर येणार नाही एवढे पाहावे, आणि एक खिडकी उघडी ठेवावी.