किडं मेली तर बरंच की रं!

गेल्या आठवड्यात भावकीच्या ग्रुपवर परत तेच सुरू झालं, पश्चिम घाटातल्या इको सेन्सिटिव्ह एरियाचं, म्हणजे निसर्ग जपायला निर्बंध घालायच्या पट्ट्याचं. कुणीतरी 31 जुलै 2024 ची केंद्राची मसुदा अधिसूचना पुन्हा टाकली, महाराष्ट्रातलं 17,340 चौरस किलोमीटर वगैरे, आणि मी त्याखाली कीटक किती झपाट्यानं कमी होतायत त्यावर चार ओळी लिहिल्या. तर आमचा अण्णा, म्हणजे थोरला चुलतभाऊ, शिराळा तालुक्यात चांदोलीच्या अंगाला आमची रानं एकाला एक लागून आहेत, तो लिहितो, "किडं मेली तर बरंच की रं, फवारणीचा खर्च वाचला. आणि जंगल हाय की चांदोलीला राखल्यालं. जर्मनीत बसून आमाला शिकवू नको, त्यांनी आपलं सगळं आधीच तोडून खाल्लंय." धडाधड अंगठे पडले त्याला.

शेवटचं वाक्य खरं आहे, म्हणूनच झोंबलं. पण अण्णा, तोडून खाल्लं म्हणूनच यांनी नंतर मोजलं तरी! इथल्या क्रेफेल्ड शहरातल्या हौशी कीटक-अभ्यासकांनी 1989 पासून 27 वर्षं तंबूसारखी जाळी लावून उडणारे किडे बाटलीत गोळा केले, त्यांचं वजन केलं, आणि 2017 ला आकडा आला, पाऊण हिस्स्याहून जास्त वजन गायब. हे कुठं? 63 राखीव जागांमध्ये. राखलेल्या! म्हणजे तुझं चांदोलीचं उत्तर इथं आधीच नापास झालंय.

2019 ला म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या लोकांनी दुसरा अभ्यास काढला, 2008 ते 2017 चा, त्यातली काही ठिकाणं श्वेबिश आल्ब या डोंगराळ पट्ट्यात, आमच्या घरापासून गाडीनं अर्धा तास. गवताळ जागेत कीटकांचं वजन 67 टक्क्यांनी कमी, जंगलात 41 टक्क्यांनी. आणि ज्या गवताच्या आजूबाजूला नांगरट जास्त, तिथं जातीही जास्त घटल्या. माझं म्हणणं एवढंच आहे. किड्याला जंगलखात्याची हद्द कळत नाही, हद्दीबाहेर आपण काय करतो त्याचा परिणाम आत होतो.

आणि "किडं मेली तर बरं" हे अण्णानं म्हणावं? 2002 ला लोकरी मावा आपल्या सांगली जिल्ह्यात शिरला, उसाची पानं पांढरी पडली, खाली सगळं चिकट आणि काळं, तेव्हा तो आवरला कुणी? डिफा आणि मायक्रोमस, दोन किडेच की! अण्णा स्वतः दुसऱ्याच्या रानातनं डिफाच्या अळ्यांची पानं पिशवीत घालून आणत होता, मी मागं सायकलवर, आणि आम्ही ती पानं सरीसरीत अडकवत फिरलो होतो. ते विसरला का?

इथं 2019 ला बायर्न (बव्हेरिया) राज्यात मधमाश्या वाचवायच्या म्हणून ऐन थंडीत लोकांनी राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, रांगा लावून सह्या केल्या, 17 लाखांहून जास्त, आणि सरकारला कायदा बदलावा लागला. आपल्याकडं रांग लागते ती डीपीवर फोटो टाकायला कासच्या फुलांच्या पठारावर. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खोटं नाही ते.

मात्र एक गोष्ट मला दरवेळी इथं शेताकडेनं चालताना टोचते. शेतकऱ्याला अनुदान देऊन कडेनं ब्ल्यूश्ट्राइफन पेरायला लावतात, फुलांची पट्टी, किडे यावेत म्हणून. आपल्याकडं ते फुकट होतं. आपण त्याला बांध म्हणायचो. आमच्या बांधावर घाणेरी, निगडी, रुई, बोरी, करवंदाची जाळी आणि मधोमध उंबर. लहानपणी पिकलं उंबर फोडलं की आतनं बारीक चिलटं भुर्र उडायची, आजी म्हणायची फुंकर मार आणि खा. ती चिलटं म्हणजे उंबराची स्वतःची गांधीलमाशी, मुंगीपेक्षा लहान, ती आत शिरल्याशिवाय उंबराला बी धरत नाही आणि उंबराशिवाय ती जगत नाही, हे मला इथं येऊन कळलं. पाखरं, वटवाघळं, उदमांजर, सगळी त्या एका झाडावर.

ते उंबर आता नाही. 2021 ला अण्णाचा फोन आला, बांध रुंद झालाय, जेसीबी लावून बारीक केला तर दोघांच्या रानात दोन दोन सऱ्या वाढतील, निम्मे पैसे तू दे. मी त्याच दिवशी ट्रान्सफर केले. एक प्रश्न विचारला नाही, उलट अजून लागले तर सांग म्हणालो, कारण गावाकडच्या कामात आपला हात आहे याचंच बरं वाटलं होतं. उंबर कुणी तोडलं नाही, दत्ताचं झाड, कोण तोडणार. एका अंगाच्या मुळ्या तेवढ्या बकेटनं तुटल्या, आणि पुढच्या पावसाळ्यात ते आडवं झालं. फोटो आईनं पाठवला होता. मी त्यावर हात जोडलेला इमोजी टाकला होता.

सातबाऱ्यावर माझं नाव अजून आहे. तर काल मी अण्णाला फोन केला, ग्रुपवर नाही, सरळ. म्हणालो, माझ्या अंगच्या दोन सऱ्या पड सोड, औषध मारू नको, उसाचं जे नुकसान होईल ते मी देतो. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पैशाचं नको सांगू मला. जूनमदी ये, कुठनं सोडायचं ते बांधावर उभा राहून दाव, तवा सोडतो."

जूनमध्ये मला सुट्टी नाही. उद्या सकाळी शेफला, म्हणजे इथल्या साहेबाला, विचारणार आहे.