षड्ज लावला, पंचम लागला

ज्याच्या घरात भिंतीच्या एका बाजूला गाण्याचा रियाज आणि दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर रेडिओचे, म्हणजे रेडिओची कामे संगणकाच्या प्रोग्रामकडून करून घेण्याचे, अनुकरण चालते, त्याने सॅम्पल रेटच्या, म्हणजे सेकंदाला लहरीचे किती नमुने या आकड्याच्या, बाबतीत गाफील राहू नये. नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत हे संकट नित्याचे आहे. भाचा रविवारी ऐरोलीहून येतो, माझ्या लॅपटॉपवर सिग्नल सोर्स (लहर तयार करणारा), थ्रॉटल (नमुन्यांचा वेग आवरणारे), आलेख अशा चौकटी बाणांनी जोडतो, प्रत्येक चौकटीत मनाला येईल तो सॅम्पल रेट भरतो आणि पोहे खाऊन निघून जातो. पुढचा आठवडा माझा.

या चौकटींचा स्वभाव असा की, आपण सांगू तो आकडा त्या निमूटपणे खरा मानतात आणि शेजारच्या चौकटीला काय सांगितले आहे याची चौकशीही करत नाहीत. सोर्सला १,००० हर्ट्झ आणि ३२,००० सॅम्पल रेट दिला, की दर ३२ नमुन्यांत एक आवर्तन पूर्ण करायचे, एवढेच त्याला कळते. सेकंद नावाची गोष्ट त्याच्या खिजगणतीतही नसते. तेच नमुने सेकंदाला ४८,००० च्या वेगाने वाजवणाऱ्या साउंड कार्डाकडे गेले, की १,००० चे १,५०० हर्ट्झ होतात आणि पडद्यावर चूक झाल्याची एक ओळही उमटत नाही. ती सूचना आमच्याकडे भिंतीपलीकडून येते. “अहो, तुमचा सा पंचमावर जाऊन बसलाय!” दीडपट म्हणजे पंचम, हे गुणोत्तर मी आकडेमोड करून काढेपर्यंत सौभाग्यवतींच्या कानाने निकाल दिलेला असतो. उलट सोर्सला ४८,००० आणि आलेखाला ३२,००० सांगितले, तर १,००० हर्ट्झचे शिखर ६६७ च्या आसपास दिसते. पण आलेख मुका असल्याने त्याबद्दल घरातून तक्रार येत नाही.

थ्रॉटलची कथा वेगळी. अनुकरणाला स्वतःचे घड्याळ नसते, म्हणून थ्रॉटल नसेल तर प्रोसेसर जीव तोडून नमुने काढत सुटतो आणि ठाण्याच्या मे महिन्यात लॅपटॉपही तापायला लागतो. मात्र साउंड कार्ड जोडले की वेग तेच ठरवते. तेव्हाही थ्रॉटल ठेवले, तर दोघांची घड्याळे जुळत नाहीत आणि आवाज तुटक येऊ लागतो.

सर्वांत निर्लज्ज प्रकार ३१,००० हर्ट्झचा. नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या आणि शॅनन यांच्या १९४९ च्या लेखांतून पुढे आलेला नियम सांगतो की, सॅम्पल रेट सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक हवा. ३२,००० च्या दरात ३१,००० हर्ट्झची साधी कोसाइन लहर घातली, तर ती १,००० हर्ट्झचे सोंग घेऊन इतक्या सभ्यपणे समोर येते, की नमुन्यांकडे पाहून खरी कोणती आणि तोतया कोणती हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, कारण दोघींचे नमुने अक्षरशः तेच असतात.

शेजारच्या काकांना मात्र यातले काहीच नको असते, त्यांना १०७.१ मेगाहर्ट्झवरची आकाशवाणी ऐकायची असते. तो आकडा थेट सोर्समध्ये घालायचा, तर सेकंदाला २१ कोटी ४२ लाखांहून अधिक नमुने लागतील आणि चार बाइटचा एक नमुना धरला तरी सेकंदाला ८५ कोटींहून अधिक बाइट होतील. म्हणून अनुकरणात वाहक लहर (आवाज वाहून नेणारी ती १०७.१ मेगाहर्ट्झची लहर) वगळून तिच्या आजूबाजूचा शे-दोनशे किलोहर्ट्झचा पट्टाच शून्याभोवती मांडतात, असे मी त्यांना समजावले. शिवाय इथे अँटेनाच नाही, त्यामुळे तूर्त १,००० हर्ट्झची शिट्टी तेवढी ऐकता येईल, हेही सांगितले.

काकांनी ती शिट्टी शांतपणे ऐकून घेतली. “शिट्टी आमच्या कुकरचीही होते,” चपला घालता घालता ते म्हणाले, “पण तीन झाल्या की भात तरी मिळतो.”